डिमेन्शिया झालेल्या माजी सैनिकाला सांभाळणाऱ्यांना ट्रेनिंग कसं द्यायचं

ट्रेनिंग म्हटलं की आधी डायपर, गोळ्या, बीपी शिकवतात, ते लागतंच, पण पेशंट माजी सैनिक असतील तर पहिला तास त्यांच्या नोकरीच्या माहितीला द्या असं माझं ठाम मत आहे. कुठल्या दलात होते, काम काय होतं, लढाई पाहिली का, काय म्हणून हाक मारलेली आवडते, कशाने दचकतात, हे घरच्यांना विचारून एका कागदावर लिहा आणि प्रत्येक शिफ्टच्या माणसाला वाचायला लावा.

कारण डिमेन्शियात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं बराच काळ टिकतं, त्यामुळे ऐंशीतला माणूस मनाने पंचविशीतल्या चौकीवर असू शकतो. रात्री उठून दारं-खिडक्या तपासत फिरतात ना, तर चार्टवर नुसतं "भटकतात" असं लिहून मोकळं होऊ नका, ते कदाचित पहारा देतायत. "सगळं ठीक आहे साहेब, आता माझी ड्युटी, तुम्ही आराम करा" असं म्हणून बघा. "युद्ध कधीच संपलं, झोपा आता" म्हणून वाद घातलात तर ते अजून बिथरतील.

झोपेतून उठवणं मात्र प्रॅक्टिकल करूनच शिकवा. खांद्याला धरून हलवायचं नाही, मागून जायचं नाही. पायाकडच्या बाजूला, त्यांचा हात पोचणार नाही इतकं लांब उभं राहायचं, लाईट लावायचा, हाक मारायची, आपण कोण ते सांगायचं आणि त्यांनी बघितल्यावरच जवळ जायचं. ट्रेनीला डोळे मिटून बेडवर झोपवा आणि न सांगता दंडाला धरा, का नाही हलवायचं ते लगेच कळतं.

अंघोळीला शॉवर थेट डोक्यावर नको, पायापासून सुरुवात, अंगावर टॉवेल राहू दे, हात लावायच्या आधी काय करतोय ते सांगा.

तोफा-इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेलेल्यांना बरेचदा कमी ऐकू येतं, म्हणून "ऐकतच नाहीत" म्हणण्याआधी श्रवणयंत्राची बॅटरी बघा. फटाके वाजणार असतील तर खिडक्या आधीच बंद, रेडिओ चालू. घरात शस्त्र असेल तर ते बाहेर हलवायला घरच्यांना स्पष्ट सांगा, यात भीड नको.

युद्धाच्या आठवणी उकरून काढू नका, स्वतःहून बोलले तर शांतपणे ऐका.

आणि एक-दोन दिवसांत अचानक वागणं बदललं तर डिमेन्शिया वाढला असं धरून चालू नका, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दुखणं काहीही असू शकतं, डॉक्टरांना लगेच कळवा. लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर ते फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉलसारखं औषध त्यात जिवावर बेतू शकतं, आणि रात्री इमर्जन्सीत नेल्यावर ही गोष्ट तिथे सांगणारा बहुतेक वेळा केअरगिव्हरच असतो.