माउसला हात न लावता प्रोग्राम मुळासकट कसा काढावा

विंडोजवरचा एखादा प्रोग्राम नकोसा झाला की बरेच जण डेस्कटॉपवरचा आयकॉन पुसतात, नाहीतर प्रोग्राम फाइल्समधलं त्याचं फोल्डरच उडवतात. आयकॉन पुसल्याने काहीच होत नाही, प्रोग्राम जागच्या जागी राहतो. फोल्डर उडवलं तर मात्र नुकसान होतं. प्रोग्राम काढणारी अनइन्स्टॉलरची फाइल बहुतेकदा त्याच फोल्डरमध्ये असते. ती गेली की रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज सगळ्या प्रोग्रामांची सेटिंग्ज जिथे साठवतो तिथल्या, नोंदी आणि मागे चालणाऱ्या सर्व्हिस तशाच पडून राहतात. म्हणून क्रम सांभाळा: आधी प्रोग्राम पूर्ण बंद, मग त्याच्याच अनइन्स्टॉलरने काढणं, आणि उरलंसुरलं शेवटी हाताने.

खिडकी बंद झाली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नाही. विंडोज की + बी दाबा. घड्याळाजवळच्या आयकॉनवर फोकस, म्हणजे कीबोर्डची निवड, जातो. एंटरने लपलेले आयकॉन उघडा, बाणाच्या कीने हव्या त्या आयकॉनवर जा, शिफ्ट + एफ१० ने मेनू उघडून एक्झिट निवडा. मग कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडा. त्या प्रोग्रामची एखादी प्रक्रिया अजून चालू दिसली तर ती निवडून डिलीट दाबा. नव्या विंडोज ११ मध्ये ऑल्ट + ई. वापरात असलेली फाइल विंडोज पुसू देत नाही आणि अर्धवट अनइन्स्टॉलचं हे नेहमीचं कारण असतं. प्रोग्रामचं लायसन्स ठरावीक संगणकांपुरतंच असेल तर बंद करण्याआधी ते त्यातूनच डीॲक्टिव्हेट करा. नंतर ती सोय राहत नाही.

आता विंडोज की + आर. उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ए-पी-पी-डब्ल्यू-आय-झेड, मग टिंब, मग सी-पी-एल असं सलग टाइप करून एंटर दाबा. प्रोग्राम्स अँड फीचर्सची यादी थेट उघडते. यादीत फोकस असताना नावाची पहिली दोन-तीन अक्षरं भरभर टाइप करा, निवड त्या नावावर उडी मारते. एंटर दाबलं की अनइन्स्टॉलर सुरू. परवानगीची खिडकी आली तर ऑल्ट + वाय. काहीच दिसलं नाही तर ऑल्ट + टॅब करून पाहा, खिडकी कधीकधी मागे दडलेली असते. आत टॅबने पुढे सरकायचं आणि स्पेसने चौकटीत खूण करायची. ‘वापरकर्त्याचा डेटाही पुसा’ अशा अर्थाची चौकट आली तर थांबून वाचा. सेटिंग्ज, प्रोफाइल, गेमचे सेव्ह त्यातच जातात.

स्टोअरमधून घेतलेली ॲप्स या यादीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी विंडोज की + आयने सेटिंग्ज उघडा आणि ॲप्समध्ये जा. यादीत मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या बऱ्याच नोंदी दिसतील. त्यांना हात लावू नका. दुसरे प्रोग्राम त्यांवर अवलंबून असतात आणि त्या काढल्या की ते उघडेनासे होतात.

१६१८ ही एरर आली तर दुसरं कुठलं तरी इन्स्टॉलेशन चालू आहे. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम करतो. ते संपू द्या, नाहीतर रीस्टार्ट करा. फोल्डर आधीच उडवलेलं असेल तर ‘हा प्रोग्राम बहुधा आधीच काढला आहे, यादीतून नाव काढू का’ असं विचारलं जातं. हो म्हटलं तर फक्त नाव जातं. त्याऐवजी तीच आवृत्ती पुन्हा इन्स्टॉल करून मग रीतसर काढणं केव्हाही चांगलं.

अनइन्स्टॉलरने रीस्टार्ट मागितला तर तो टाळू नका, आणि शट डाउन नव्हे, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, आणि पुसायच्या राहिलेल्या फाइल्स तशाच राहू शकतात.

उरलेल्या फाइल्ससाठी पुन्हा विंडोज की + आर. एकेक करून %ॲपडेटा%, %लोकलॲपडेटा% आणि %प्रोग्रामडेटा% हे शब्द टक्क्यांच्या खुणांसकट इंग्रजी अक्षरांत टाइप करा. फोल्डर प्रोग्रामच्या नावाने सापडलं नाही तर कंपनीच्या नावाने शोधा. पण त्याच कंपनीचं दुसरं काही वापरात असेल तर वरचं फोल्डर ठेवून आतलं तेवढंच काढा. इथे शिफ्ट + डिलीट नको, साधं डिलीट. काही बिघडलंच तर रीसायकल बिनमधून परत आणता येतं.

रजिस्ट्रीत शिरायची गरज क्वचितच पडते. जुन्या नोंदींमुळे नवी आवृत्ती बसत नसेल तेव्हाच रजिस्ट्री दाखवणारं रेजएडिट उघडा. एचकी करंट युझर, त्यात सॉफ्टवेअर, त्यात कंपनीचं नाव, अशी वाट धरा. पुसण्याआधी ती की (रजिस्ट्रीतलं फोल्डर) निवडून फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टने तिची प्रत ठेवा. कंट्रोल + एफने शोधून एफ३ ने पुढे जात सापडेल ते पुसत सुटणं धोक्याचं आहे, कारण तोच शब्द दुसऱ्या प्रोग्रामच्या नोंदीतही असू शकतो.

शेवटी टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब पाहा. तिथे आयकॉन नसलेली, नुसतं ‘प्रोग्राम’ लिहिलेली नोंद दिसली तर ती बहुधा काढलेल्या प्रोग्रामचीच असते. शिफ्ट + एफ१० दाबून ती डिसेबल करा.