गॅरेजच्या हीटरमधून पाणी ठिबकायचं, त्याचं कारण सापडलं

मिनेसोटातल्या आमच्या गॅरेजमध्ये छताला टांगलेला पंख्याचा गॅस हीटर ऐन जानेवारीत ठिबकू लागला. हीटरच गेला असं वाटलं. पण गॅस जळताना वाफ होते, धूर बाहेर नेणाऱ्या आडव्या गार पाइपात तिचं पाणी होतं, आणि आमच्या पाइपाचा उतार उलटा, हीटरकडेच होता! मॅन्युअलप्रमाणे बाहेरच्या तोंडाकडे दर फुटाला पाव इंच उतार दिला. तो पाइप एकेरी पत्र्याचा, म्हणून लाकडी भिंतीतून नेताना थिंबल, म्हणजे गरम पाइप लाकडाला लागू न देणारी धातूची बाही, बसवला. ते अजिबात टाळू नका. गॅसजोडणी लायसन्सवाल्या माणसाकडून तपासून घेतली. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, म्हणून घरात अलार्मही लावला. गॅरेजच्या वरच मुलांची खोली आहे. आता ठिबकणं पूर्ण थांबलंय.