विंडोज ११ वर गेल्यावर रोज येणारी 'मॉड्यूल सापडले नाही' ही चौकट कशी घालवावी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेकांनी आहे त्याच मशीनवर विंडोज ११ चढवले. अपग्रेड नीट पार पडते, फायली जागच्या जागी असतात, पण लॉगइन केले की डेस्कटॉपवर एक चौकट हजर होते. वर लिहिलेले असते 'रनडीएलएल', मध्ये एका फाइलचा पत्ता आणि खाली 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड'. ओके दाबले की सगळे सुरळीत चालते, आणि पुढच्या वेळी चौकट पुन्हा येते.

बहुतेक वेळा यात विंडोज बिघडलेले नसते. अपग्रेडमध्ये किंवा त्याच्या आधी कधीतरी एखादा प्रोग्रॅम निघून गेलेला असतो, पण 'लॉगइन झाले की ही फाइल चालव' हा त्याने देऊन ठेवलेला हुकूम मागे राहतो. भाडेकरू घर सोडून गेला, पण दूधवाल्याला कोणी सांगितले नाही, तसा प्रकार. म्हणून हरवलेली फाइल शोधत बसू नका. डीएलएल फायली (प्रोग्रॅमला चालताना लागणाऱ्या मदतनीस फायली) फुकट देणाऱ्या साइट्सकडे तर फिरकूच नका, तिथून नको ते मशीनमध्ये येण्याचा धोका मोठा. आपल्याला तो हुकूम तेवढा बंद करायचा आहे.

हात घालण्याआधी

चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा. फाइलचे नाव आणि तिच्या आधीच्या फोल्डरचे नाव, या दोन गोष्टी पुढे लागतील. फोल्डरच्या नावावरून बहुधा कळतेच की हा जुन्या प्रिंटरचा, स्कॅनरचा की काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचा अवशेष आहे.

आणखी एक. तपासणी करताना 'शट डाउन' करून पुन्हा चालू करू नका, 'रीस्टार्ट' निवडा. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते.

हुकूम शोधण्याच्या पायऱ्या

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये जा. वरच्या रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' हा रकाना चालू करा. आता प्रत्येक नोंद कोणती फाइल चालवते ते दिसेल. फोटोतली फाइल सापडली तर त्या नोंदीवर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. नाव नुसते 'प्रोग्रॅम' आणि चिन्ह कोरे, अशी नोंद दिसली तर संशय आधी तिच्यावर घ्या.

२. तिथे नसेल तर स्टार्ट मेनूत 'टास्क शेड्यूलर' शोधून उघडा. डावीकडे 'टास्क शेड्यूलर लायब्ररी'वर क्लिक करा. ज्या कामांच्या 'ट्रिगर्स'मध्ये 'ॲट लॉग ऑन' आहे तेवढीच पाहायची. एकेक निवडून खाली 'ॲक्शन्स'मध्ये फाइलचे नाव जुळते का बघा. पुष्कळांची शोधाशोध टास्क मॅनेजरपाशीच थांबते. रनडीएलएलचा हुकूम मात्र बऱ्याचदा इथे दडलेला असतो.

३. दोन्हीकडे हाती काही लागले नाही तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून 'सिसइंटर्नल्स' या साधनसंचातले 'ऑटोरन्स' उतरवा; आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदींची यादी ते दाखवते. ते फुकट आहे आणि इन्स्टॉल करावे लागत नाही. झिप सोडवा, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा आणि यादी पूर्ण भरेपर्यंत थांबा. वरच्या फिल्टरच्या खणात फाइलचे नाव टाका. ज्या नोंदींची फाइल जागेवर नाही त्या पिवळ्या दिसतात. हवी त्या नोंदीची टिक काढा, नोंद पुसू नका. अंदाज चुकला तर टिक परत लावता येते. पिवळे दिसले की सरसकट सगळेच बंद करायचे, असेही करू नका. त्यातल्या कित्येक नोंदी निरुपद्रवी असतात.

४. रीस्टार्ट करा. चौकट आली नाही तर काम झाले.

चौकटीतला मजकूर वेगळा असेल तर

'व्हीसीरनटाइम१४०' किंवा 'एमएसव्हीसीपी१४०' ही डीएलएल नाही, अशी तक्रार असेल तर मात्र फाइल खरोखर हवी असते. मायक्रोसॉफ्टचे 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' त्यांच्याच साइटवरून घ्या आणि एक्स८६ व एक्स६४ ही दोन्ही पॅकेजेस टाका. विंडोज ६४ बिटचे असले तरी ३२ बिटच्या प्रोग्रॅमला एक्स८६ चेच लागते.

'अ ड्रायव्हर कॅनॉट लोड ऑन धिस डिव्हाइस' असे आले तर अडवणारा पहारेकरी 'मेमरी इंटिग्रिटी' असू शकतो. विंडोज सिक्युरिटीत 'डिव्हाइस सिक्युरिटी', मग 'कोअर आयसोलेशन' इथे तो सापडेल. जुन्या डोंगलचा किंवा जुन्या यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर इथे अडकतो. उत्पादकाकडचा नवा ड्रायव्हर टाका; उपकरण वापरात नसेल तर त्याचे सॉफ्टवेअरच काढा. मेमरी इंटिग्रिटी बंद केली की चौकट जाते खरी, पण संरक्षणही जाते. तो अगदी शेवटचा पर्याय.

नेमके नाव कळतच नसेल तर

स्टार्ट मेनूत 'एमएसकॉन्फिग' (msconfig) शोधून चालवा. 'सर्व्हिसेस'मध्ये आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक करा, मगच 'डिसेबल ऑल' दाबा. हा क्रम चुकला तर पिनने लॉगइन करणेही अडू शकते. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअप ॲप्सही बंद करून रीस्टार्ट करा. चौकट गेली तर बंद केलेल्यांपैकी निम्म्या चालू करून पुन्हा पाहा, मग उरलेल्यांच्या निम्म्या. वीस-बावीस नोंदींतून दोषी पाच-सहा फेऱ्यांत हाती लागतो. सापडल्यावर बाकीच्या सगळ्या पूर्ववत चालू करायला विसरू नका.

हे सगळे चालू असताना डिस्कवर जागा हवी म्हणून 'विंडोज डॉट ओल्ड' हे जुन्या विंडोजचे फोल्डर साफ करू नका. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' इथला 'गो बॅक' हा परतीचा रस्ता त्यावरच चालतो आणि तो अपग्रेडनंतर साधारणपणे १० दिवसच उघडा असतो.