माणूस सोडून गेला, गुपितही गेलं? मालकांनो, या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतला मालक ऑफिसात येतो आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतो, "वकीलसाहेब, पोरगं फॉर्म्युला घेऊन गेलंय, त्याला आत टाका." मी कोरा कागद पुढे सरकवतो. नेमकं काय गेलंय, ते आधी लिहा. बहुतेकांचं पेन तिथंच अडतं. "आमची सगळी पद्धत", "गिऱ्हाइकं", "इतक्या वर्षांचा अनुभव" एवढंच कागदावर उतरतं. एवढ्यावर कोर्ट कुणालाही मनाईहुकूम देत नाही.

ही कागदाची सवय मला एका पडलेल्या अर्जाने लावली. पक्षकार फौंड्रीवाला, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणारा होता. त्याचा मेल्टिंग सुपरवायझर नोकरी सोडून शेजारच्याच प्लॉटवर रुजू झाला. कुठल्या ग्रेडला स्क्रॅप किती, पिग आयर्न (कच्चं लोखंड) किती, फेरोसिलिकॉन किती, हा तक्ता त्याने नेला अशी आमची तक्रार होती. निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईहुकमाच्या अर्जावर सुनावणी लागली आणि समोरच्या वकिलाने एक फोटो दाखल केला. खंडेनवमीची पूजा, भट्टीला झेंडूची माळ, मालक सहकुटुंब उभे, आणि मागच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला तोच तक्ता. फोटो मोठा केला की आकडे वाचता येत होते. तो मालकांनी स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलेला होता. न्यायाधीशांनी एकच विचारलं, "भट्टीवर येणाऱ्या भंगारवाल्यालाही हा तक्ता दिसत होता ना?" अर्ज फेटाळला गेला.

मला वाईट वाटलं ते पुढे. त्या कारखान्याची खरी ताकद तक्त्यात नव्हतीच. कास्टिंग कुठं फुटतं, रायझर (साच्यात जादा वितळलेलं लोखंड पुरवणारी जागा) किती सरकवला की रिजेक्शन थांबतं, याची रजिस्टरं आणि ड्रॉइंगं मालकांच्या केबिनमध्ये कुलपात होती. त्यातल्या चार ड्रॉइंगांच्या प्रती सुपरवायझरकडे गेल्या होत्या. दाव्यात त्यांचा उल्लेखही नव्हता, कारण मालकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा अजून नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात तो सुचवला आहे. तोवर मुख्यतः करार आणि विश्वासभंग या दोन आधारांवर लढावं लागतं. कसोटी मात्र जगभर साधारण एकच: माहिती त्या धंद्यात सर्रास ठाऊक नसावी, गुप्त असल्यामुळेच तिला किंमत असावी, आणि ती गुप्त ठेवायला तुम्ही वाजवी खटपट केलेली असावी. दावे पडतात ते तिसऱ्यावर. म्हणून मी सांगतो, कुलूप लावा, किल्ली कुणाकडे आहे ते लिहून ठेवा, ड्रॉइंग बाहेर गेलं की वहीत सही घ्या. शंभर रुपयांची ती वही कोर्टात माझ्या तासाभराच्या युक्तिवादापेक्षा जास्त बोलते.

दुसरी चूक स्टॅम्पपेपरवरची. "नोकरी सोडल्यावर तीन वर्षं या धंद्यात कुठंही काम करणार नाही" असं लिहून घेतलं की मालक निर्धास्त होतात. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ असा धंदाबंदीचा करार रद्दबातल ठरवतं. असं बंधन चालतं म्हणून १९६७ चा गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला हमखास दाखवला जातो. तो नीट वाचा. तिथं कराराची पाच वर्षं संपायच्या आत माणूस दुसरीकडे गेला होता, म्हणून बंधन टिकलं. मुदत संपल्यानंतरचं बंधन चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणातही सांगितलं. माणसाच्या हातातलं कसब त्याचंच असतं. पंधरा वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेल्याला वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून तापमान कळतं, ते तुम्ही काढून घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. गोपनीयतेचं कलम मात्र नोकरीनंतरही टिकतं. तेच नीट, मराठीत आणि कागदांची नावं घालून लिहून घ्या. नेटवरून उतरवलेला इंग्रजी नमुना नको. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा कायदा लागू राहील, असं छापलेला करार मी मिरजेच्या टर्नरच्या सहीसकट पाहिला आहे. त्या टर्नरला त्यातली एक ओळही वाचता येत नव्हती.

लॅपटॉपचं सांगतो. माणूस गेला की दुसऱ्या दिवशी मशीन फॉरमॅट करून नव्या पोराला देतात आणि महिन्याने माझ्याकडे पुरावा शोधायला येतात. मशीन बंद करा, पाकिटात सील करा, दोघांच्या सह्या घ्या. स्वतः उघडून फाइली चाळत बसू नका, तारखा बदलतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा) द्यावी लागते आणि तज्ज्ञाची सही लागते. ते काम कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याचं नाही.

बाकीच्या थोडक्यात. पगार आणि पीएफचे कागद अडवून धरू नका, नाहीतर तुमच्या आधी तोच तक्रारदार होतो. नुसतं घाबरवायला पोलीस ठाण्यात जाऊ नका, "दिवाणी बाब आहे" असं लेखी उत्तर मिळालं की तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. दाव्याच्या मजकुरात फॉर्म्युला लिहू नका, तो सीलबंद लिफाफ्यात देण्याची परवानगी मागा. आणि सहा महिने थांबून तातडीचा मनाईहुकूम मागू नका.

नोकरी सोडणाऱ्यांनाही सांगतो, कारण तेही माझ्याकडे येतात. शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या जीमेलवर काही पाठवू नका. पाठवलंच असेल, तर नोटीस आल्यावर घाबरून डिलीट करू नका. साताऱ्याचा एक क्वालिटी इन्स्पेक्टर मागे पेनड्राइव्ह घेऊन आला होता. आम्ही तो न उघडता लिफाफ्यात घातला, तारीख टाकली, सह्या केल्या आणि जुन्या कंपनीच्या वकिलांकडे पोच घेऊन दिला. पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं की आमची तक्रार नाही. ती पोच आणि ते पत्र त्याने अजून जपून ठेवलं आहे.