शपथपत्र होतं, शपथ राहिली

इंदूरच्या मराठी घरात पोरानं काळा कोट घातला की कुणीतरी ताईंचं उदाहरण देतंच. सुमित्रा महाजन इथल्याच एलएल.बी., 1989 पासून सलग 8 वेळा खासदार, 2014 ला लोकसभेच्या अध्यक्ष. त्याआधी त्या नगर निगमात उपमहापौर होत्या, हे मात्र कुणी सांगत नाही. निगम म्हणजे नळ, गटार, वॉर्डातली भांडणं. मला ते टाळून थेट दिल्लीचं राजकारण करायचं होतं.

म्हणून चार वर्षांच्या प्रॅक्टिसवर एका अपक्षाचा लोकसभेचा फॉर्म भरायला घेतला. 10 प्रस्तावक, 25 हजार डिपॉझिट, सगळं चोख. फॉर्म 26, म्हणजे उमेदवाराच्या मालमत्तेचं आणि गुन्ह्यांच्या माहितीचं शपथपत्र, त्यात एक रकाना रिकामा ठेवला नाही; रकाना कोरा राहिला तर फॉर्म बाद होऊ शकतो, हा 2013 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पाठ होता ना!

आणि शपथ राहिली. नीट वाचा, शपथपत्र नव्हे, शपथ. शपथपत्र नोटरीपुढे झालं होतं. पण संविधानाच्या कलम 84 प्रमाणे उमेदवारानं स्वतः निवडणूक अधिकाऱ्यापुढे संविधानावरच्या निष्ठेची शपथ वेगळी घ्यायची असते. ती फॉर्म दिल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आधी. वेळेच्या नाही, तारखेच्या. छाननी सकाळी 11 वाजता आहे म्हणून त्याच दिवशी 10 वाजता पोचलो, असं चालत नाही. आदल्या रात्री 12 वाजले की संपलं. मी त्याच सकाळी 10 वाजता पोचलो होतो. फॉर्म बाद. उमेदवार काही बोलला नाही, बाहेर येऊन त्यानंच मला चहा पाजला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या सीनियरना हे ठाऊक होतं. मी विचारलंच नाही, मला ते जुनाट वाटायचे. नेत्यांसोबत फोटो काढून देणारा सीनियर शोधू नका, तुमचा ड्राफ्ट तीनदा परत फेकणारा धरा.

घाबरू नका, एका फॉर्मनं वकिली बुडत नाही. आणि खासदार झालात तरी वकिलीची सनद जात नाही. आमदार-खासदार म्हणजे पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत, त्यांना प्रॅक्टिस करता येते, असं सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये सांगितलंय. तेव्हा राजकारणासाठी कोर्ट सोडायची घाई कशाला?

आता मी फॉर्म दिल्या दिल्या तिथेच शपथ घ्यायला लावतो आणि तिचा दाखला हातात पडल्याशिवाय हलत नाही. तो अपक्ष अजून माझाच पक्षकार आहे, भाडेकरूच्या दाव्यात. तारखेच्या आदल्या रात्री न चुकता फोन करतो.