साबरमतीकाठचं काँक्रीट चितारायला निघालात? या चुका टाळा

अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीतून मी पहिल्यांदा साबरमती रेखाटली, ती काठोकाठ भरलेली. पूर्वेकडच्या काँक्रीटच्या उभ्या फळ्यांमधून दिसणारी झाडं आणि त्यापलीकडे संथ पाण्याचा पट्टा. चित्र दिसायला बरं होतं, पण अभ्यास म्हणून खोटं होतं. ही इमारत 1954 साली पुरी झाली तेव्हा पावसाळा सरला की साबरमती म्हणजे वाळूचं रुंद पात्र आणि त्यातून वाहणारी बारीक धार. रंगारी त्या वाळूवर कापड धुऊन वाळत घालायचे. इमारतीचा वास्तुरचनाकार ले कॉर्ब्युझिए यानं तिच्याबद्दल लिहिताना हेच दृश्य नोंदवलं आहे: वाळूत कापड सुकवणारे रंगारी, सोबतीला बगळे, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या म्हशी आणि गाढवं. गिरणीमालकांची कचेरी, आणि खिडकीसमोर कापड वाळतंय. हे ठाऊक झालं आणि माझं ते चित्र बाजूला ठेवावं लागलं.

नदी, शहर आणि आधुनिक वास्तू असा विषय घेऊन फिरणारे आपण चित्रकार इमारतीचं साल विचारतो, पाण्याचं विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही.

पाणी कुठून आलं?

रिव्हरफ्रंटवर, म्हणजे शहरातल्या बांधून काढलेल्या नदीकाठावर, उभं राहिलं की दोन्ही बाजूंना काँक्रीटचे सरळ धक्के आणि मध्ये स्थिर पाणी दिसतं. ते पाणी साबरमतीचं आहे असं धरून चालू नका. वरच्या अंगाला धरोई धरण आहे, आणि शहराच्या खालच्या टोकाला वासणा बॅरेज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, पाणी अडवून धरतो. पावसाळा सोडला तर मधला हा साठा मुख्यतः नर्मदेच्या पाण्यानं भरतात. नर्मदेचा मुख्य कालवा गांधीनगरजवळ साबरमती ओलांडतो, तिथून पाणी नदीत सोडलं जातं.

आपल्यासाठी ही गोष्ट नुसती माहिती नाही. हा कालवा ज्या सरदार सरोवर धरणातून निघतो, त्याच्याच पाण्याखाली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली गावं गेली. 33 गावं बाधित झाली, आणि बुडणाऱ्या पहिल्या गावांत मणिबेली होतं. अहमदाबादच्या घाटावर बसून निळ्या रंगात ब्रश बुडवताना हे मनात असलं की चित्र बदलतं, निदान माझं तरी बदललं.

उपाय साधा आहे. दौऱ्याआधी एका कागदावर पाण्याचा नकाशा काढा: धरण, कालवा, बॅरेज, नाले. इमारती त्यावर नंतर मांडा. आणि फक्त रिव्हरफ्रंट पाहून परतू नका, वासणा बॅरेजच्या खाली जा. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी तिथे येतं. 2021 मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं नदीच्या प्रदूषणाची दखल स्वतःहून घेतली. वरचं पाणी आणि खालचं पाणी एकाच दिवशी रेखाटलं तरच शहर समजतं.

एका जागेवरून काढलेला फोटो

मिल ओनर्सची रस्त्याकडची, म्हणजे पश्चिमेची बाजू फोटोत नेहमी एकसारखी दिसते, कारण सगळे एकाच जागी उभे राहतात. ऊन अडवणाऱ्या त्या फळ्या तिथे तिरक्या बसवल्या आहेत. फुटपाथवरून चालत जा: एका बाजूनं येताना दर्शनी भाग भिंतीसारखा मिटलेला वाटतो, आणि पुढे जाऊन मागे वळलात तर त्याच फळ्यांमधून आतली खोली दिसते. नदीकडच्या फळ्या मात्र इमारतीला काटकोनात आहेत. उत्तर आणि दक्षिणेच्या भिंती जवळजवळ बंद, ओबडधोबड विटांच्या. चारही बाजूंना सूर्य आणि वारा वेगळे, म्हणून भिंतीही वेगळ्या. त्यामुळे पंधरा-वीस पावलांवर थांबत निदान पाच झटपट रेखाटनं करा आणि प्रत्येकावर वेळ लिहा. सकाळी अकराची सावली आणि दुपारी चारची सावली इथे एकाच इमारतीची वाटत नाही. आणि तो रॅम्प चढून पाहा. रस्त्यावरून पहिल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत आपला वेग आपोआप कमी होतो, ते फोटोत येत नाही.

नावाजलेल्या परदेशी वास्तुरचनाकारांवरच थांबणं

कॉर्ब्युझिए आणि लुई कान पाहून अहमदाबाद उरकणारे बरेच भेटतात. वाईट वाटतं. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी पुण्याचे, 1927 सालचे, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले. त्यांचं 'संगाथ' हे कार्यालय पाहताना छताच्या अर्धगोल कमानी टिपतात, पण त्यांवरून वाहून येणारं पावसाचं पाणी पन्हळी-कुंडांतून कसं फिरवलंय ते बघायचं राहून जातं. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्याबरोबर त्यांनी केलेली गुफा, म्हणजे जमिनीखालचं कलादालन, तर चित्रकारानं चुकवूच नये. साबरमती आश्रमातलं चार्ल्स कोरिया यांचं संग्रहालय 1963 मधलं. सहा मीटरच्या चौकोनांची मांडणी, वर कौलारू छपरं, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी पट्ट्या, मधोमध पाण्याचा चौक. तिथे अर्धा दिवस ठेवा. छोट्या जागेत पाणी काय करतं, हे मी तिथे शिकले.

जुन्या शहरातल्या पोळींमध्ये, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांमध्ये, घराच्या चौकाखाली टांका असतो, पावसाचं पाणी साठवायची भूमिगत टाकी. आधुनिक वास्तू बघायला आलोय म्हणून हे सोडू नका. 1499 सालची अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि 1451 चा कांकरिया तलावही जवळच आहेत. पाणी आणि बांधकाम यांचं नातं इथे काँक्रीटच्या कितीतरी आधीचं आहे.

रंग ब्रशवरच सुकतो

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, पुरा होण्याआधीच कडा पडतात. मी बरेच कागद असे घालवले. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या पाटीवर चिकटवा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाका, आणि दुपारी रंगाऐवजी पेन वापरा. जमलं तर दोन फेऱ्या करा, एक मे मध्ये आणि एक ऑगस्टमध्ये. एकाच ऋतूत पाहिलेल्या नदीवर मालिका रंगवायला घेऊ नका.

परवानगीचं काम आधी उरका. या बहुतेक वास्तू चालू संस्था आहेत. वेळा आणि फोटोचे नियम बदलतात, आणि दारात जाऊन विनंती करण्यात अर्धा दिवस जातो. लेखी विचारा, चित्र काढणार आहात हे स्पष्ट लिहा. विमानतळ नदीपासून फार लांब नाही, त्यामुळे ड्रोन उडवायचा विचार असेल तर नियम तपासल्याशिवाय तो पिशवीतून काढूच नका.

शेवटचं, पाण्याचा रंग आठवणीवर सोडू नका. मी वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात नखाएवढा रंगाचा ठिपका लावते, शेजारी वार, वेळ आणि जागा. एलिस ब्रिजजवळचा ठिपका हिरवट राखाडी आहे. त्याच दुपारी वासणाच्या खाली लावलेला ठिपका सेपिया या गडद तपकिरी रंगात काळा मिसळून केलाय, आणि त्यावर पांढरा फेस दाखवायला कागद तसाच कोरा सोडलाय.