घरात एकही पुस्तक नाही, मग पोरांना वाचनाची गोडी कशी लावायची?

आमच्या वस्तीत मी आठवड्यातून तीन संध्याकाळी लहान पोरांना गोष्टी सांगायला बसते. तीन ते सहा वर्षांची पोरं, आया धुणीभांडी करतात नाहीतर बांधकामावर जातात. त्यांच्याकडून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "ताई, मलाच वाचता येत नाही, मी पोराला काय शिकवणार?" म्हणून हे लिहितेय. तुम्हाला वाचता येतंय तर शेजारच्या एका आईला तरी वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, पुस्तकाच्या आधी बोलणं. भाकरी थापताना पोरगं जवळ असतंच, तेव्हा बोलत राहायचं, आता पीठ मळलं, आता थापली, तवा तापलाय हां चटका बसेल, बघ कशी टम्म फुगली. साधं वाटतं पण उद्या तेच पोरगं अक्षर जुळवत जुळवत "फुगली" वाचेल तेव्हा तो शब्द त्याच्या डोक्यात आधीच असेल. शब्द कधी ऐकलाच नसेल तर अक्षरं जुळवूनही अर्थ लागत नाही, पोपटासारखं होतं नुसतं. आणि हे बोलणं घरच्या भाषेतच करा. गोरमाटी म्हणजे बंजारा समाजाची भाषा बोलणाऱ्या घरात भाकरीला बाटी म्हणतात तर बाटीच म्हणा, शाळेत मराठी आहे म्हणून घरात तुटकं मराठी बोलायची काही गरज नाही. घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगता येणारं पोर मराठीही पटकन उचलतं, हे मी दरवर्षी बघते.

दुसरं, आवाजाचे खेळ. पाण्याच्या रांगेत, बसमध्ये कुठेही होतात, वही पेन काही लागत नाही. "म वरून काय काय?" मामा, मका, मांजर, मिरची. नाहीतर टाळ्या वाजवत नाव तोडायचं, सं-गी-ता, तीन टाळ्या. पोरांना कळायला लागतं की शब्द म्हणजे आवाजांचे तुकडे, आणि अक्षर हे त्या तुकड्याचं चित्र. हे कळल्याशिवाय मुळाक्षरं घोकून घेतली तर तक्ता पाठ होतो, वाचन येत नाही.

आता अक्षरं, इथे मी जरा जास्त बोलणार. अ अननसाचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा असा तक्ता भिंतीवर असतो आणि आमच्या पोरांनी यातलं काहीच बघितलेलं नसतं. म्हणून तक्त्यापासून सुरू करू नका. पोराच्या नावापासून करा. पुठ्ठ्यावर नाव मोठं लिहून जिथे त्याचं दप्तर किंवा टॉवेल टांगता तिथे लावा, आठवड्याभरात तो आपलं नाव ओळखतो. मग फक्त तीन अक्षरं घ्या, क, म, न आणि सोबत काना. एवढ्यात किती शब्द होतात बघा: नाक, कान, मान, काम, काका, मामा, नाना. नाक, कान, मान तर स्वतःला हात लावून दाखवता येतात! खडूने जमिनीवर लिहायचं, पोराने उडी मारून त्या शब्दावर जायचं आणि तो अवयव दाखवायचा. हे पक्कं झालं की ल घाला, मग लाल, कमाल, कमल, माल. एकेक अक्षर वाढवत जायचं. पाच वर्षांच्या पुढे हे करा, त्याच्या आधी नाव ओळखलं तरी पुष्कळ. आणि तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन पानंच्या पानं गिरवून घेऊ नका हो, बोटं तयार नसतात. कणीक मळू द्या, वाटाणे सोलू द्या, ओल्या फडक्याने फरशीवर रेघा ओढू द्या.

पुस्तकं. सुरुवातीला मी पुस्तकं फाटतील म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवायचे, ती चूक होती, चार महिने कोणी हात लावला नाही. मग दोन खिळ्यांना दोरी बांधली, कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं पोरांच्या उंचीवर लटकवली. फाटतात, चिकटपट्टी लावते. आईला वाचता येत नसेल तर चित्र बघून गोष्ट सांगायची, पोराला विचारायचं "हा का रडतोय? पुढे काय होईल?" पुस्तकात लिहिलंय तेच सांगायला हवं असं काही नाही. तिसरी चौथीतली ताई किंवा दादा असेल तर त्याने लहान्याला रोज एक पान वाचायचं, यात मोठ्याचंही वाचन सुधारतं.

विकतचं परवडत नसेल तर घरी करा. झेरॉक्सच्या दुकानात एका बाजूने कोरे वाया गेलेले कागद मागितले तर मिळतात, मधोमध दुमडून सुईदोऱ्याने तीन टाके घाला, झालं पुस्तक. आईने तिच्या गावाची गोष्ट सांगायची, कोणीतरी लिहायची, पोराने चित्र काढायचं. आमच्याकडे एका आईने म्हैस विहिरीत पडली होती ती गोष्ट सांगितली, ते पुस्तक सगळ्यात जास्त वाचलं जातं.

फोन असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट बघा, २०१५ पासून आहे, मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि छापूनही घेता येतात. लहानांसाठी पहिल्या पातळीच्या निवडा, वाक्यं छोटी असतात. बाबा बाहेरगावी कामाला असतील तर त्यांना व्हॉट्सअॅपवर गोष्ट रेकॉर्ड करून पाठवायला सांगा, पोरं तीच गोष्ट दहादा ऐकतात.

अंगणवाडीत तीन ते सहा वयाच्या पोराचं नाव घातलंय ना ते बघा. पहिलीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात शाळेत जाऊन माता गट, म्हणजे पोरांची शाळेची तयारी मिळून करून घेणाऱ्या आयांचा गट, आहे का विचारा, २०२२ मध्ये राज्यात पहिले पाऊल नावाचं शाळापूर्व तयारी अभियान झालं तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी असे गट झालेत. वाचता न येणाऱ्या आयांनी तर नक्की जा, तिथे करायच्या बऱ्याचशा गोष्टी भाजी निवडणं, कपड्यांच्या जोड्या लावणं अशाच असतात.

वेळ मात्र आईच्या सोयीने ठरवा. आमच्याकडे पाणी साडेसहाला येतं म्हणून आम्ही सहाला बसतो आणि वीस मिनिटांत उठतो.